एकोणचाळीस चेहरे

भिंगरीच्या बाबांना कोणी शूर म्हटलं असतं, तर सगळ्यात आधी तिची आईच पोट धरून हसली असती. समोरून कुत्रं आलं की रस्ता बदलणारा हा माणूस. दूध नासकं निघालं तर ते परत करायला बायकोला पुढे घालणारा. दुकानात गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोलू लागलं की हे कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घालायचे आणि गिऱ्हाईक थंड होईपर्यंत आत काहीतरी तपासत राहायचे. पण फोटो काढावा तर त्यांनीच, हे सगळे मान्य करत. प्रत्येक फोटोच्या पाठीवर त्यांचा निळा शिक्का असे, आणि तो तिरका उमटला तरी ते फोटो पुन्हा छापत.

दुकानात पुढे काउंटर, त्यामागे पडदा लावलेली फोटोची खोली, तिच्यामागे लाल दिव्याची अंधारखोली आणि सगळ्यात मागे चुन्याच्या भिंतींचं अंगण. आई खिडकीशी बसून बारीक कुंचल्याने फोटोंवर शेवटचा हात फिरवायची. नवरीच्या गालावरचा मुरूम उडवणं, हेडमास्तरांच्या दोन हनुवट्यांची एक करणं, ही सगळी तिची खाती. शनिवारी दुपारी काउंटर भिंगरीकडे असे. ती बारा वर्षांची होती, तोंडाने फटकळ होती आणि एका जागी म्हणून ठरत नव्हती, त्यावरून तिला हे नाव पडलं होतं.

वर्षातलं मोठं काम म्हणजे शाळेतल्या वर्गांचे फोटो. अर्धं वर्ष घर त्यावर चालायचं. बाबांची पद्धत वीस वर्षं एकच होती. सकाळी अकराला, शाळेच्या पांढऱ्याफेक भिंतीसमोर, सगळ्यांची तोंडं उन्हाकडे आणि मधल्या खुर्चीत हेडमास्तर. बाबा डोळे बारीक करून हेडमास्तरांचा चेहरा न्याहाळत आणि उजेड किती घ्यायचा ते त्यावरून ठरवत. हेडमास्तर नीट आले की फोटो नीट आला.

यंदा भिंगरीचा वर्ग शाळेतून बाहेर पडणार होता. त्यांचा फोटो शाळेच्या व्हरांड्यात कायमचा लागणार होता आणि प्रत्येकाला घरी एक प्रत मिळणार होती. वर्गात मुलं चाळीस. त्यातली एक वर्षाच्या सुरुवातीला आलेली. पुलापलीकडे, गोदीमागच्या खोल्यांमध्ये, काळी माणसं राहत. त्यांचे आजे-पणजे कधीकाळी बोटींवरून आले आणि माल उतरवता उतरवता इथलेच झाले. पण पुलाच्या अलीकडच्या लोकांनी त्यांना कधी आपलं म्हटलं नाही. त्यांच्यातली ही पहिलीच मुलगी या शाळेत आली होती. नवा कायदा झाला म्हणून शाळेने तिला घेतलं, तेही उपकार केल्यासारखं. हजेरीतलं तिचं नाव बाईंना धड उच्चारता येत नसे, म्हणून त्या तिला नुसतं ‘तू गं’ म्हणत. मुलं तिला ‘डांबर’ म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते भिंगरीला पक्कं ठाऊक होतं, कारण ते तिनेच ठेवलं होतं. तेव्हा अख्खा वर्ग खदाखदा हसला होता आणि भिंगरी दिवसभर हवेत होती.

शुक्रवारी वर्गात फोटो वाटले. प्रत्येक जण आधी स्वतःला शोधत होता. हेडमास्तर झकास आले होते. तिसऱ्या रांगेच्या टोकाला एक इस्त्रीची कॉलर होती, कॉलरवर एक काळा डाग होता आणि त्या डागात पांढरे दोन ठिपके. “डांबर सांडलं!” कोणीतरी ओरडलं. बाईसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसल्या. भिंगरी तर हसणारच.

शनिवारी दुपारी ती मुलगी एकटीच पूल ओलांडून दुकानात आली.

“काका आहेत?”

“कामात आहेत. काय हवंय?”

तिने फोटो काउंटरवर ठेवला. “यात मी नाहीये.”

“आहेस की. ही काय,” भिंगरी त्या डागावर बोट ठेवून म्हणाली.

“काल आईला दाखवला. तिने सगळ्या रांगा शोधल्या. मग म्हणाली, त्या दिवशी तू शाळेत गेली नव्हतीस का?”

ती रडत वगैरे नव्हती. घडलं ते सांगत होती. भिंगरीला आत कुठेतरी टोचलं, आणि टोचलं की तिची जीभ जास्तच चालायची. “त्याला आम्ही काय करणार? तुम्ही लोक फोटोत असेच येता.”

अंधारखोलीचं दार उघडलं. बाबा बाहेर आले, हातांवरून पाणी निथळत होतं.

“हे तुला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच,” भिंगरी म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की आपण बरोबर उत्तर देतोय. “फोटो पाकिटात भरताना आईला म्हणालात ना? ते लोक फोटोत येतच नाहीत, त्याला इलाज नाही.”

दुसरा एखादा बाप असता तर त्याने पोरीला तिथेच गप्प केलं असतं, आणि गिऱ्हाइकापुढे हसून वेळ मारून नेली असती. बाबांनी फोटो उचलला, दारातल्या उजेडात नेला आणि बराच वेळ पाहत राहिले.

“खरं आहे. मीच म्हणालो,” ते म्हणाले. मग त्या मुलीकडे वळले. “बाळ, नाव काय तुझं?”

तिने सांगितलं. बाबांची जीभ त्यात दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून म्हटलं तेव्हा जवळपास जमलं.

“घरी थोरली म्हणतात,” ती म्हणाली. “मला दोन धाकटे भाऊ आहेत.”

“थोरली, चूक माझी आहे. तुझ्या चेहऱ्याची नाही. मी उजेड मोजला तो हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघून. तुझ्याकडे मी बघितलंच नाही. वीस वर्षं हेच काम करतोय मी, आणि एवढं मला कळू नये!”

भिंगरीने आपल्या बाबांना आजवर कुणा पोरासोरापुढे चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं. तिला त्यांची लाज वाटली. हो, त्या क्षणी लाजच वाटली, अभिमान नंतरचा.

बाबांनी कॅमेरा अंगणात नेला आणि दोघींना चुन्याच्या भिंतीसमोर एका बाकावर बसवलं. थोरली या टोकाला, भिंगरी त्या टोकाला. या वेळी त्यांनी डोळे बारीक केले ते थोरलीकडे बघून. भिंगाचं तोंड त्यांनी कधी नव्हे इतकं उघडलं.

तासाभराने लाल दिव्याखाली दोघी ट्रेवर ओणवल्या होत्या. औषधात कागद हलत होता. आधी दोन फ्रॉक उमटले. मग थोरली आली. डाव्या भुवईतली जुनी खोक, गालावरची खळी, ओठांच्या कोपऱ्यात अडकलेलं हसू, सगळं आलं. वर्षभर भिंगरी तिच्या मागे दोनच बाकांवर बसत होती, पण ती भुवईतली खोक तिला ठाऊक नव्हती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक फ्रॉक होता, वर केसांची रिबीन होती, आणि दोहोंच्या मधे नुसता कोरा कागद.

“मी कुठंय?” भिंगरीने विचारलं. कागद आणखी हलवला तरी काही उमटेना. नाक नाही, तोंड नाही, दोन बारीक खुणा डोळ्यांच्या जागी. “बाबा, मी कुठे आहे यात?”

“तू फोटोत अशीच येतेस,” बाबा म्हणाले.

ते टोमणा मारत नव्हते. हळूच म्हणाले, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. भिंगरी अंगणात पळाली आणि वाळत घातलेल्या चादरीमागे उभी राहून ढसाढसा रडली. आधी रडली ती आपण भुतासारख्या दिसतो म्हणून. मग मधेच तिच्या डोक्यात आलं की आपला हा फोटो तिघांनीच बघितलाय. थोरलीचा चाळीस घरांत गेलाय. त्यानंतरचं रडणं वेगळं होतं.

पुढचे तीन दिवस बाबांनी डोकं लावलं. रविवारी सकाळी आणि मग शाळा सुटली की दोघी मुली अंगणातल्या बाकावर बसत आणि बाबा कधी ऊन बदलत, कधी भिंत. एकदा थोरली नीट, भिंगरी पिठाची. एकदा भिंगरी नीट, थोरली काळोखात. मंगळवारी त्यांनी बाक सावलीत ओढला, मागे तपकिरी घोंगडी टांगली, समोरून उजेड परतवायला पांढरी चादर धरली आणि तीन मोजेपर्यंत भिंग उघडं ठेवलं. दोघी आल्या. दोघींचे डोळे, नाकं, पापण्यासुद्धा आल्या. बाबा इतके खूश झाले की ओल्या हातांनीच त्यांनी स्वतःचे केस मागे सारले. या तीन दिवसांत थोरली बाबांशी खूप बोलली. भिंगरीशी एक अक्षर नाही.

“झालं ना आता?” आई म्हणाली. “तिचा एकटीचा चांगला मोठा फोटो काढून द्या. तिची आई खूश, हेडमास्तर खूश. कशाला विषय वाढवताय?”

“एकटीचा नको आहे तिला. ती वर्गात होती त्या दिवशी.”

“आणि शाळेचं काम गेलं तर? खायचं काय? तुमची फोटोची औषधं?”

बाबांनी टोपी घातली, वर्गाचा आणि मंगळवारचा असे दोन्ही फोटो घेतले आणि भिंगरीला बरोबर घेऊन शाळेत गेले. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. भिंगरीने ते पाहिलं.

हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हे, निवांतपणा जपणारा माणूस. “फोटोवाले, तिला शाळेत घेतलं हे काय कमी झालं? आता फोटोही तिच्या सोयीने काढायचे?”

“चाळीस जणांचा फोटो आहे सर. आले एकोणचाळीस.”

“मग व्हरांड्यातल्या प्रतीची ती कड कापून टाका. ती टोकालाच तर उभी आहे. कोणाच्या लक्षातही यायचं नाही.”

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. डोकं घालायला इथे काळं कापड नव्हतं. “कापणार नाही,” ते म्हणाले. “फोटो मी बिघडवलाय, आणि पाठीवर माझा शिक्का आहे. मला तो परत हवा, सगळ्या प्रती हव्यात. पुन्हा काढून देतो.”

“शाळेच्या आवारात पुन्हा काही निघणार नाही. आणि असा हट्ट असेल, तर पुढच्या वर्षी आम्हाला दुसरा फोटोवाला बघावा लागेल.”

“बघा,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला, अगदी कोवळ्या पोरासारखा चिरकला, पण शब्द बाहेर पडला तो पडलाच. परतताना वाटेत एक कुत्रं आडवं आलं तर बाबांनी शिरस्त्याप्रमाणे रस्ता बदलला. भिंगरी त्यांच्यामागून चालत होती आणि तिला वाटत होतं, सगळ्या शहराला ओरडून सांगावं की हे माझे बाबा आहेत.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस सकाळी बाबा शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहिले. हातात रिकामं खोकं. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला तेच सांगायचे. “सातवीचा फोटो माझ्या हातून बिघडलाय. कृपा करून परत द्या. रविवारी सकाळी माझ्या अंगणात नवीन काढतोय.”

“आमची पोरगी तर छान आलीय!”

“नाही, बिघडलाय. इथे बघा. इथे एक मुलगी आहे, ती दिसत नाही.”

कोणी हसलं. कोणी म्हणालं, फोटोवाल्याचा हात गेला, आता चष्मा बदला म्हणावं. एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “एवढा पुळका आलाय तर पलीकडेच जाऊन राहा की!” बाबांचे कान लाल झाले, पण पाय हलले नाहीत. सारं शहर म्हणायला तयार होतं की दोष त्या पोरीच्या रंगाचा. एक शब्द बोलायची गरज नव्हती, बाबा आपोआप सुटले असते. त्याऐवजी हा भित्रा माणूस भर रस्त्यात उभा राहून वीस वर्षांचं नाव मातीत घालत होता आणि सांगत होता की दोष माझा. मला विचाराल तर याहून मोठं धाडस मी तरी ऐकलेलं नाही.

रविवारी सकाळी बाबांनी सावलीत चाळीस जणांची बाकं मांडली. आईने रात्रीपासून अबोला धरला होता, पण सकाळी तीच पाटावर चढून घोंगडी ताणत होती. नऊ वाजले. थोरली सगळ्यात आधी आली, तीच इस्त्रीची कॉलर, दारात तिची आई आणि दोन धाकटे भाऊ. त्यानंतर कितीतरी वेळ कोणीच नाही. भिंगरी फाटकाशी आत-बाहेर करत राहिली. भिंगरीची आई कंगवा आणि ओला रुमाल घेऊन बसली होती, फोटोआधी मुलांचे केस तीच नीट करायची. थोरलीच्या दाट कुरळ्या केसांपाशी तिचा हात थबकला. मग ती दाराकडे बघून म्हणाली, “बाई, हे तुम्ही कसं विंचरता? मला जरा दाखवा.” थोरलीची आई आत आली.

दहापर्यंत एकवीस जण जमले. कोणी उत्सुकतेने आले, कोणी आईबापांची नजर चुकवून, दोघं तर नुसते गंमत बघायला. बाबांनी मुलांना बसवायला सुरुवात केली. मधली खुर्ची रिकामी होती.

“थोरली, तू इथे बस. उजेड मी तुझ्यावरून मोजणार आहे.”

“डांबर मधे बसणार?” गंमत बघायला आलेल्यांपैकी एक जण म्हणाला. दोघंतिघं फिसकन हसले. थोरली खुर्चीजवळ पोचली होती, ती तिथेच थांबली. दारात तिच्या आईने धाकट्याचा हात घट्ट धरला. बाबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी भिंगरी उठली.

तिने फ्रॉकच्या खिशातून एक फोटो काढला आणि त्या मुलाच्या हातात दिला. “ही कोण, ओळख.”

“ही डां... ही ती आहे. आणि ही बिनतोंडाची कोण?”

“मी.”

फोटो हातोहात फिरला. मुलं लोटपोट हसली. “चुना!” कोणीतरी ओरडलं. “चुना! चुना!” भिंगरीचा चेहरा तापला, डोळे भरले, पण तिने फोटो परत हिसकावला नाही. सगळे हसून दमेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

“म्हणा चुना,” मग ती म्हणाली. “पण ते दुसरं नाव मी ठेवलं होतं, आणि ते घाणेरडं होतं. तिचं नाव थोरली आहे.” पुढे काहीतरी मोठं बोलायचं तिने घोकून ठेवलं होतं, ते साफ विसरलं. ती जाऊन मधल्या खुर्चीच्या शेजारी बसली. थोरलीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग ती खुर्चीत बसली, पाठ ताठ करून. हसणाऱ्या मुलाने फोटो पुन्हा एकदा पाहिला, डोकं खाजवलं आणि मुकाट्याने मागच्या रांगेत उभा राहिला.

“रिकामी बाकं काढू का?” आईने विचारलं.

“राहू दे. ज्यांची आहेत त्यांची आहेत,” बाबा म्हणाले. “चला, आता तीन म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही. श्वाससुद्धा बेताने.”

त्या फोटोत एकवीसच्या एकवीस चेहरे आले, लख्ख. शाळेच्या व्हरांड्यात तो लागला नाही आणि शाळेचं काम गेलं ते गेलंच. ते वर्ष घराला जड गेलं. पण तो फोटो एकवीस घरांत लागला, त्यातलं एक घर पुलापलीकडे होतं. त्या फोटोत ऐकू येत नाही ते एवढंच:

बाबांनी ‘एक’ म्हटलं तेव्हा भिंगरी ओठ न हलवता पुटपुटली, “काउंटरवर मी जे बोलले त्याचं... आणि नावाचं पण. मला माफ कर.”

थोरली सरळ भिंगाकडे बघत होती. बाबा ‘दोन’ म्हणाले.

“अजून नाही,” ती म्हणाली. “आता हलू नकोस. मला नीट यायचंय.”